माघारीचं मागणं

आमच्या गावात सरपंचपदाची निवडणूक लागली की कोण निवडून येणार यापेक्षा कोण काय घेऊन मागे सरणार, याचीच चर्चा जास्त. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळी भैरवनाथाच्या देवळात गावकी बसते. ज्याला बिनविरोध व्हायचंय तो आधी बेल-भंडारा उचलतो आणि म्हणतो, "माग, देईन." मग मागे सरणारा आपलं मागणं सांगतो. मागणं ऐकायच्या आधी शब्द द्यायचा, ही आमच्याकडची रीत. कुणी घरापर्यंत रस्ता मागितला, कुणी सोसायटीचं चेअरमनपद. एकानं उत्सवात पालखीचा पहिला खांदा मागितला होता. तो अजून दर वर्षी पालखी खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याला दांडीला हात लावू देत नाही. दिलेला शब्द मोडल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही. मागणाराही जनरीत बघूनच मागायचा, हेही खरं.

माझ्या जावेनं जनरीत बघितली नाही. तिची गोष्ट सांगते.

शुभांगी माझी धाकटी जाऊ. माझे मालक एकनाथ, त्यांचा धाकटा भाऊ किशोर, त्याची ही बायको. माहेर मुठा खोऱ्यातलं. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी आणि तोंडानं मुकी, असं मी सगळीकडे सांगत सुटले होते. त्यातलं काडी तेवढं खरं निघालं. पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, बसमध्ये उभ्यानं. मुलगा झाल्यावर नोकरी सोडली आणि शाळेत पालकांच्या सभेला जायला लागली. आमच्याकडे त्या सभेला बायका जात नाहीत. ही गेली आणि येताना समितीची अध्यक्ष होऊन आली. मला वाटलं, घ्या आता, घरातली भांडी माझ्याच वाट्याला.

अध्यक्ष होऊन तिनं पहिलं काम काय केलं, तर पौडच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक दिशा मॅडमना शाळेत बोलावलं. आठवी ते दहावीची मुलं-मुली एकत्र बसवून मॅडमनी सांगितलं, वयात येणं म्हणजे काय, नकोसा हात अंगाला लागला तर काय करायचं, एचआयव्ही कशानं होतो आणि कशानं होत नाही. मुलं आधी फिदीफिदी हसली, मग गप्प झाली, मग प्रश्न विचारायला लागली. तास संपला तरी उठेनात. मुख्याध्यापक खूश होते. दुसऱ्या दिवशी जनार्दन चार माणसं घेऊन शाळेत गेला आणि मुख्याध्यापकांची खुशी संपली. पुढचे तास बंद झाले.

हा जनार्दन कोण ते सांगायला हवं. दोन डंपर, एक जेसीबी, पिरंगुटला भाड्याच्या खोल्या, आणि गावात कुणाचंही लग्न असो, वाढायला हा पुढे. त्याला वाईट माणूस म्हणता येत नाही, म्हणून तर त्याचा जास्त राग येतो. त्याचं म्हणणं साधं होतं. पोरींना असलं सांगितलं की पोरी बिघडतात. शाळेत लेझीम शिकवा, श्लोक शिकवा. आणि तो रोग आपल्यातला नव्हेच, तो बाहेरून कामाला आलेल्या लोकांबरोबर येतो, म्हणून गावात खोली भाड्यानं घेणाऱ्याला रक्ताचा रिपोर्ट सक्तीचा करायचा. सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा त्यानं हे फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापलं. स्वतःच्या खोल्यांतले भाडेकरू रिपोर्ट घेऊन आलेत का, हे त्याला कुणी विचारलं नाही. लोकांना ते पटलं. रोग दुसऱ्याच्या अंगात आहे म्हटलं की कुणालाही बरंच वाटतं.

त्याच्यासमोर शुभांगीनं अर्ज भरला. आमच्या ह्यांनी तिच्यासाठी पत्रक लिहायला घेतलं. वरच्या वाडीचं पाणी घालू, गटारं घालू, शाळेची भानगड अजिबात नको, असं त्यांनी बजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि छापून आणलं तेव्हा पाणी एक नंबरला आणि शाळेचा तास दोन नंबरला. खाली लिहिलेलं, की तपासणी ज्याची त्याच्या मर्जीनं, आणि नाव कुणाला कळणार नाही. ह्यांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि न जेवता बाहेर गेले.

प्रचाराला मी तिच्यासोबत फिरले. हौस होती म्हणून नव्हे, धाकट्या जावेला एकटी सोडली असती तर गावानं मलाच नावं ठेवली असती. टपरीवरच्या पोरांनी तिला एक नाव पाडलं होतं, ते मी लिहीत नाही. निरोधावरून होतं एवढं सांगते. एकदा आम्ही जात असताना त्यातल्या एकानं ते मोठ्यानं घेतलं. मी पदर पुढे ओढून पाय उचलला. ही मागे वळली, टपरीपाशी जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "नाव घ्यायला लाजत न्हाईस ना? मग वापरायला पण लाजू नगंस." पोरगं चहाच्या ग्लासात बघत बसलं. मी पदराआड इतकी हसले की मला ठसका लागला.

बायका मात्र तिच्याशी बोलायला लागल्या. दारात नाही, आत चुलीपाशी. वरच्या वाडीतली गंगू, जिनं आयुष्यात माझ्याशी दोन वाक्यं बोललेली नव्हती, तिनं शुभांगीला सांगितलं की पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आपण मरणार असं समजून ती रानात जाऊन बसली होती, आणि तिच्या लेकीनंही तसंच केलं. दुसरीनं सांगितलं, नवरा महिनोन्महिने गाडीवर असतो, तपासून घ्यावं वाटतं, पण कुठं जायचं. असं घरोघर चाललं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आपण निवडून येतोय. मला ते चढलंसुद्धा. सरपंचाची थोरली जाऊ म्हणून झेंडावंदनाला कोणती साडी नेसायची, इथपर्यंत माझी तयारी झाली.

हे जनार्दनच्याही लक्षात आलं. त्यानं विठ्ठलरावांना गाठलं. विठ्ठलराव गावातले सगळ्यांत थोर, गावकी त्यांनीच बसवायची. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. घरून निघताना ह्यांनी शुभांगीला सांगितलं, काही देतो म्हणाले तरी नको म्हणायचं, आपली सीट निघतेय. ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. मी गृहीत धरलं की हो.

बाप्ये आत सभामंडपात, बायका दीपमाळेपाशी. उमेदवार म्हणून शुभांगी तेवढी आत. जनार्दननं पुजाऱ्याकडून बेलाचं पान घेतलं, भंडाऱ्यात बोटं बुडवली, देवाकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, माघार घ्या. काय मागाल ते देईन." त्याच्या डोक्यात उपसरपंचपद असावं, किंवा आमच्या आळीला टाकी. तसं तो आधी बोलूनही बसला होता.

शुभांगी उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"घेते माघार," ती म्हणाली. "मागणं एकच हाय. तुमी बंद केलेला शाळंतला तास तुमी स्वतः चालू करायचा. दर वर्षी, आठवी ते धावी, पोरं-पोरी दोन्ही. पहिल्या तासाला तुमची पोरगी मोनाली पहिल्या बाकावर पायजे, आन तुमी तितं हजर पायजेत. आन भाडेकरूंच्या रक्ताचा त्यो फलक उतरवायचा."

मग आमचे हे जागेवरून ओरडले. मोठा दीर म्हणून एरवी ते तिच्याशी थेट बोलत नाहीत, पण तेव्हा भान राहिलं नाही. जिंकत असताना माघार कशासाठी, म्हणून त्यांनी विचारलं. खरं तर तोच प्रश्न माझ्याही मनात आला होता.

शुभांगी जमिनीकडे बघून बोलली, पण आवाज देवळाबाहेर आमच्यापर्यंत आला. "दादा, मी जिकले तर त्यो तास माझ्या पार्टीचा व्हनार. निम्म्या गावाच्या पोरी त्या दिवशी घरी बसनार. यांनी चालू केला तर अडवनार कोन? अडवनारे हेच हायेत."

आता सांगते, त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. माझी साडी, माझं झेंडावंदन, सगळं तिनं एका वाक्यात देवाच्या पायाशी टाकलं. पण रागातसुद्धा मला कळत होतं की एवढा लांबचा विचार त्या देवळात बसलेल्या एकाही बाप्यानं आजवर केलेला नाही. खुर्ची हातात आलेली असताना ती समोरच्याला देऊन आपलं काम त्याच्या गळ्यात बांधायचं, हे राजकारण मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

जनार्दनचा हात अजून भंडाऱ्यानं पिवळा होता. दुसरं काहीही मागा म्हणाला. टाकी देतो, उपसरपंच करतो. विठ्ठलरावांनी मान हलवली. शब्द गेला तो गेला. तेव्हा जनार्दन चिडला आणि शेवटी तेच म्हणाला जे फ्लेक्सवर होतं, की आपल्या लोकांत हा रोग नाही, मग आपल्या पोरांना ते कशाला.

शुभांगीचा भाऊ सुनील हा जनार्दनच्या डंपरवर ड्रायव्हर होता. चार वर्षांपूर्वी गेला. काविळीनं गेला असं आम्ही सगळे म्हणायचो. मीही तेच म्हणायची, कारण तिनं मला तेच सांगितलं होतं.

"सुनीलला कावीळ न्हवती," शुभांगी म्हणाली. "त्याला एचआयव्ही हुता. मी आईला इचारून आलीया, ती म्हनली, सांग. पुन्याच्या सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळायच्या, फुकट. घेत हुता तवर गाडी चालवत हुता, तुमी बघितलंय. मग तुमच्या पिरंगुटच्या खोलीवर चार ड्रायव्हरांत ऱ्हायला लागला. गोळ्यांचा डबा कुनी बघंल म्हनून गाडीच्या पाने-पक्कडीच्या पेटीत लपवायचा. मग तितं पन कुनी बघंल म्हनून भ्याला, आन बंद केल्या. रोग त्यानं कुटनं आनला मला ठावं न्हाई. पन त्यो रोगानं न्हाई गेला, लाजंनं गेला."

जनार्दन खाली बसला. सुनीलच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. सुनीलच्या आईला किराणाही पाठवायचा, हे मला माहीत आहे. कावीळ नव्हती, एवढंच तो पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत होता. विठ्ठलरावांनी विचारलं, शब्द पाळणार ना. त्यानं मान हलवली.

दुपारी तीनच्या आत शुभांगीनं पौडला जाऊन अर्ज मागे घेतला. संध्याकाळी गुलाल जनार्दनवर पडला. आमच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा ह्यांनी दार लावून घेतलं. मी आत तिच्यावर तोंडसुख घेतलं. घरात विचारायची पद्धत असते म्हटलं, आम्ही काय मुडदे आहोत म्हटलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ताई, इचारलं असतं तर तुमी नगं म्हनला असता. मग मला तुमचा शब्द मोडायला लागला असता." भाकरी मात्र तिनं त्या दिवशी मला पहिली वाढली.

सरपंच झाल्यावर भाडेकरूंचा फलक जनार्दननं लगेच उतरवला. तासाचं काही होईना. आधी म्हणाला परीक्षा आहेत, मग म्हणाला शाळा नुकती उघडलीय, मग गणपती आले. गावात लोक हसायला लागले, की बाईनं सीटही घालवली आणि तासही. ह्यांचाही तोच सूर. शुभांगी कुणाला काही बोलली नाही. पण रात्री भांडी घासताना तिचं लक्ष नसायचं, हे मला दिसत होतं. चुकले का मी ताई, असं तिनं एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खोटं होतं, कारण मला काहीच माहीत नव्हतं.

गाडी हलवली ती जनार्दनच्या आईनं. साळूबाईंना त्या तासात काय शिकवतात याची काडीची कल्पना नव्हती आणि ती करून घ्यायचीही नव्हती. त्यांना एवढंच कळत होतं की लेकानं बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द राहिलाय. घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी देवघरात घट बसवायला नकार दिला. ज्या घरात देवाला खोटं पाडलं त्या घरात मी देव बसवणार नाही, म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगायलाही त्या लाजल्या नाहीत. दुपारी जनार्दन शाळेत गेला आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, उद्याच मॅडमना बोलवा.

दुसऱ्या दिवशी शाळेचा तो वर्ग गच्च भरला होता. शुभांगी म्हणाली ते अक्षरशः खरं झालं, एक पोरगी घरी राहिली नाही. सरपंचानं स्वतः लावलेला तास, कोण अडवणार? पहिल्या बाकावर मोनाली, नववीतली, दोन वेण्या घट्ट बांधलेली. शेवटच्या बाकावर जनार्दन, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून आडवा बसलेला. शुभांगीला मुख्याध्यापकांनी आत बोलावलं तर ती गेली नाही. हा सरपंचांचा तास आहे म्हणाली. आम्ही दोघी व्हरांड्यात खिडकीपाशी उभ्या राहिलो.

दिशा मॅडमनी सगळं सांगितलं. पोरं हसली, गप्प झाली, प्रश्न विचारायला लागली. जनार्दन पूर्ण वेळ खाली बघत होता. एचआयव्हीचं आलं. हात मिळवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. आणि झालाच, तर रोज गोळी घेत राहिलं की माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. आणखी कुणाला काही विचारायचंय का, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा शेवटच्या बाकावरून हात वर गेला.

"माझा एक ड्रायव्हर हुता," जनार्दन म्हणाला. "गोळ्या रोज घेतल्या असत्या, तर आज असता त्यो?"

"असता," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक तुमचीच गाडी चालवत असता. त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

"न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मला वाटलं, आता हा सरपंचासारखं काहीतरी बोलणार. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. त्यानं पोरांकडे बघितलं, आपल्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "हाकलला असता. त्याच दिवशी."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून मोनाली उठली. आपण बापाला चारचौघांत प्रश्न विचारतोय हे तिच्या ध्यानातही नसावं, वर्गात विचारतात तसंच तिनं विचारलं.

"आणि आता, पप्पा?"

जनार्दननं बाकाची कड धरली. "आता," तो म्हणाला, "आता गोळ्या आणायला मी स्वतः त्याला पुन्याला न्हेला असता. दर महिन्याला."

माझ्या शेजारी शुभांगीनं खिडकीचा गज सोडला आणि माझा हात धरला. सुनील गेला तेव्हा ती माहेरी चार दिवस राहून आली होती आणि पाचव्या दिवशी माझ्याबरोबर भात लावायला उतरली होती. तिच्या डोळ्यांत मी तेव्हा पाणी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काविळीचं खोटं सांभाळायचं असेल तर मोकळेपणानं रडताही येत नाही, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून, भावाचं नाव घेऊन रडली. आतली पोरं खिडकीतून बघायला लागली, तरी ती थांबली नाही. मीही तिला थांबवलं नाही.